थंड हवेचा हिशेबनीस : विलिस कॅरिअर

कॅरिअर म्हटलं की आपल्यापैकी निम्म्या लोकांना सायकलच्या मागचं कॅरिअर आठवतं. उरलेल्या निम्म्यांना 'करिअर' असं ऐकू येतं आणि पोटात गोळा येतो, कारण प्लेसमेंटचा सीझन तोंडावर आलेला असतो! पण आज मी ज्या कॅरिअरबद्दल लिहिणार आहे तो एक माणूस होता. शेतकऱ्याचा मुलगा, स्कॉलरशिपवर शिकलेला इंजिनिअर आणि आपण ज्याला साध्या भाषेत एसी म्हणतो त्याचा जनक. त्याचं पूर्ण नाव विलिस हॅविलंड कॅरिअर.

एसीचा जनक म्हटलं की वाटतं, याने थंडी निर्माण करायचं यंत्र शोधलं असणार. तसं अजिबात नाही. थंडी निर्माण करायची यंत्रं त्याच्या जन्माच्या आधीच आली होती. जेकब पर्किन्स यांनी १८३४ साली बाष्प दाबून थंडी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. फ्लोरिडातले डॉक्टर जॉन गोरी यांना १८५१ साली बर्फाच्या यंत्राचं पेटंट मिळालं होतं. मग कॅरिअरने काय केलं? त्याने हवेचा हिशेब मांडला. कोणती गोष्ट मोजायची आणि ती नेमकी कुठे मोजायची, हे त्याने ठरवलं. ऐकायला हे फार साधं वाटतं. पण मेकॅनिकलच्या कुठल्याही लॅबमध्ये थोडे दिवस काढले की कळतं, सगळं गाडं इथेच अडतं.

सफरचंदाचे तुकडे

विलिसचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला या गावाजवळ झाला. घरची शेती होती. विलिस एकुलता एक, आजूबाजूला बरोबरीची मुलंही फारशी नव्हती. आई एलिझाबेथ मात्र मोठी हुशार बाई. घड्याळ बिघडलं, शिवणयंत्र अडलं की ती स्वतःच उघडून दुरुस्त करायची.

लहानपणी विलिसला अपूर्णांक काही केल्या समजेनात. आईने त्याला तळघरातून सफरचंदं आणायला लावली आणि सुरीने कापायला बसवलं. अर्धा, पाव, एक अष्टमांश. मग ते तुकडे जोडायचे, वजा करायचे. मुलाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुठलाही अवघड प्रश्न हातात धरता येईल एवढ्या तुकड्यांत कापायचा, ही सवय त्याला तिथे लागली आणि ती जन्मभर टिकली. ही आई त्याला फार दिवस लाभली नाही. तो ११ वर्षांचा असताना, १८८८ साली, ती गेली.

पुढे मंदीचे दिवस आले. कॉलेजला जायला पैसे नव्हते, म्हणून त्याने काही काळ शाळेत शिकवलं. शेवटी स्पर्धा परीक्षेतून स्कॉलरशिप मिळाली आणि १८९७ साली तो कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाला. राहण्याजेवण्याचा खर्च मात्र त्याचा त्यालाच भागवायचा होता. त्यासाठी त्याने लोकांच्या लॉनवरचं गवत कापलं, शेगड्या सांभाळल्या आणि एका मित्राला घेऊन विद्यार्थ्यांचे कपडे धुवून देणारी लॉन्ड्री एजन्सीही चालवली. आपल्या हॉस्टेलमध्ये असा कुणी निघाला तर आपण त्याला खांद्यावर घेऊन नाचू! १९०१ साली तो इंजिनिअर होऊन बाहेर पडला.

दहा डॉलरची नोकरी आणि बिघडलेले रंग

त्याला नोकरी लागली ती बफेलो फोर्ज या कंपनीत. ही कंपनी पंखे, ब्लोअर आणि हवा तापवायची उपकरणं बनवायची. पगार आठवड्याला १० डॉलर. तिथे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की हीटरमधून किती हवा जाते, ती किती तापते, हे कुणी नीट मोजलेलंच नाही. सगळा कारभार अंदाजाने चालायचा आणि अंदाज चुकू नये म्हणून यंत्र गरजेपेक्षा मोठं द्यायचं. कॅरिअरने आधी मोजमाप केलं, त्याचे तक्ते बनवले आणि कंपनीला ते इतके उपयोगी पडले की तिने त्याला प्रयोगांसाठी वेगळा विभागच काढून दिला.

१९०२ साली त्याच्याकडे ब्रुकलिनमधल्या सॅकेट अँड विल्हेल्म्स या छापखान्याची तक्रार आली. तिथे रंगीत छपाई व्हायची. रंगीत छपाईत एकच कागद प्रत्येक रंगासाठी पुन्हा यंत्रातून जातो. उन्हाळ्यात दमट हवा असली की कागद ओलावा ओढून थोडा पसरायचा, हवा कोरडी झाली की आकसायचा. मग पिवळ्यावर निळा बरोबर बसायचा नाही आणि छापलेला माल रद्दीत जायचा. मालकाला कामगारांसाठी गारवा वगैरे नको होता. त्याला बारा महिने सारखा ओलावा हवा होता, म्हणजे सुमारे ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता.

म्हणजे बघा, ज्या यंत्राला आपण आज गारव्यासाठी ओळखतो ते जन्माला आलं कागदासाठी! माणसांचा नंबर खूप नंतर लागला.

कॅरिअरने पहिल्यांदा मिठाच्या जातीच्या एका रसायनाच्या, कॅल्शियम क्लोराइडच्या, द्रावणात भिजवलेल्या कापडातून हवा सोडून पाहिली. हवा कोरडी झाली, पण द्रावणाचा अंश हवेबरोबर येऊ लागला. तो रस्ता बंद. मग त्याने हवामान खात्याचे तक्ते घेतले आणि हिशेब केला की गार नळ्यांवरून हवा नेली तर कोणत्या तापमानाला तिच्यातलं किती पाणी गळून पडेल. या योजनेच्या आराखड्यांवर १७ जुलै १९०२ ही तारीख आहे. तोच दिवस आज आधुनिक एसीचा जन्मदिवस मानतात. नळ्यांच्या एका संचात विहिरीचं थंड पाणी आणि दुसरा संच अमोनियाच्या यंत्राला जोडलेला, अशी ती रचना होती. तेव्हा कॅरिअर २५ वर्षांचा होता, आपल्या फायनल इयरवाल्यांपेक्षा फार तर तीनचार वर्षांनी मोठा.

काम तर झालं. पण कॅरिअरचं स्वतःचं समाधान झालं नाही. हवेतला ओलावा आपल्या मुठीत आलेला नाही, हे त्याला जाणवत होतं.

स्टेशनवरचं धुकं

त्याच वर्षीच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला तो पिट्सबर्गच्या रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट बघत उभा होता. संध्याकाळची वेळ आणि सगळीकडे दाट धुकं. दुसरा कुणी असता तर गाडी लेट म्हणून वैतागला असता. कॅरिअर मात्र धुक्याचा विचार करत बसला.

धुक्यातली हवा पाण्याने पूर्ण भरलेली असते, म्हणजे शंभर टक्के आर्द्र. पण ती गार असल्यामुळे तिच्यात प्रत्यक्ष पाणी थोडंच मावतं. याच हवेला गरम केलं तर तेवढंच पाणी असूनही ती कोरडी ठरेल. मग आपणच यंत्रात धुकं तयार केलं तर? हव्या त्या तापमानाच्या पाण्याचे बारीक फवारे मारायचे, हवा त्यातून न्यायची आणि तिला त्या तापमानाला पूर्ण भरू द्यायचं. फवारा पुरेसा गार असेल तर हवेतलं जास्तीचं पाणी फवाऱ्याच्या थेंबांवरच जमून हवेतून निघून जाईल.

म्हणजे हवा कोरडी करायची कशी, तर पाणी मारून! वेडेपणा वाटतो ना? बफेलोतही पुष्कळांना तो तसाच वाटला असेल. पण २ जानेवारी १९०६ रोजी या यंत्राचं पेटंट त्याच्या हातात होतं. फवाऱ्याच्या पुढे त्याने नागमोडी पत्र्यांची एक रांग बसवली होती. हवा वळत वळत जाते, थेंबांना मात्र वळता येत नाही, ते पत्र्यावर आपटून खाली ओघळतात. पलीकडे निघते ती स्वच्छ, गार आणि पूर्ण भरलेली हवा.

थर्मामीटर ठेवायचा कुठे?

आता या लेखातला माझा सगळ्यात आवडता भाग.

त्या काळात अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कापड गिरण्या कॅरिअरच्या मोठ्या गिऱ्हाईक होऊ लागल्या होत्या. १९०६ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या बेलमॉन्टच्या क्रॉनिकल कॉटन मिलमध्ये त्याचं यंत्र लागलं. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, त्यामुळे गिरणीत ओलावा हवा. पण हजारो चात्या फिरतात तेव्हा त्या खोली तापवतात. खोली तापली की सापेक्ष आर्द्रता घसरते. सकाळी एक आकडा, दुपारी दुसरा. मग यंत्राला कधी थांबायचं आणि कधी चालायचं हे कळणार कसं?

सरळ उत्तर असं की खोलीत आर्द्रता मोजणारं उपकरण टांगा. पण आर्द्रता मोजणारी तेव्हाची उपकरणं नाजूक आणि लहरी होती. त्यात खोलीतली जागा बदलली की आकडा बदलायचा. यंत्राशेजारी वेगळा, खिडकीशेजारी वेगळा.

कॅरिअरने ती जागाच बदलली. त्याने थर्मोस्टॅट खोलीतून उचलला आणि फवाऱ्याच्या पेटीच्या तोंडाशी, त्या नागमोडी पत्र्यांच्या पुढे ठेवला. तिथे हवा पूर्ण भरलेली असते. म्हणजे तिथलं साधं तापमान हेच त्या हवेचा दवबिंदू. (कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला ड्यू पॉइंट पाठ होता, पण दवबिंदू हा इतका सुंदर शब्द मला या लेखाच्या निमित्ताने भेटला!) दवबिंदू कळला की हवेत पाणी किती आहे ते कळलंच. आर्द्रता मोजायचं अवघड काम एका साध्या तापमापीने झालं, फक्त ती योग्य जागी ठेवल्यामुळे.

पुढे त्याला आणखी एक गंमत सापडली. खोलीचं तापमान आणि दवबिंदू यांतला फरक सारखा ठेवला की सापेक्ष आर्द्रता जवळजवळ सारखी राहते. खोटं वाटत असेल तर स्टीम टेबल काढून बघा. खोली २४ अंश सेल्सिअस आणि दवबिंदू १४, तर आर्द्रता सुमारे ५४ टक्के. खोली २७ आणि दवबिंदू १७, तरी सुमारे ५४. खोली ३० आणि दवबिंदू २०, तर ५५. म्हणजे दोन थर्मोस्टॅट, एक पेटीच्या तोंडाशी आणि एक खोलीत, आणि त्यांच्यातला फरक कायम. झालं काम! या पद्धतीच्या पेटंटसाठी त्याने १९०७ साली अर्ज केला आणि १९१४ साली ते मिळालं.

१९११ साली त्याने हा सगळा हिशेब सूत्रांच्या आणि आलेखाच्या रूपात अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे, म्हणजे एएसएमईपुढे मांडला. आरएसीच्या पेपरला आपण जो सायक्रोमेट्रिक चार्ट दोऱ्याने पुरवणीला बांधतो, तो याच आलेखाच्या घराण्यातला. परीक्षेच्या हॉलमध्ये त्या तिरक्या रेघांना शिव्या घालण्याआधी एवढं लक्षात ठेवा की त्यामागे एका माणसाची दहा वर्षं आहेत.

बल्बची गोष्ट

इथे थोडं विषयांतर वाटेल, पण ते तसं नाही. थर्ड इयरच्या मुलांनी तर हा भाग वाचाच.

कॅरिअरच्या त्या थर्मोस्टॅटचा धडा आजच्या एसीत सगळ्यात जास्त लागू पडतो तो रेफ्रिजरंटच्या पाइपवर. मोठ्या एसीत थर्मोस्टॅटिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असतो. इव्हॅपोरेटरला किती रेफ्रिजरंट सोडायचं ते तो ठरवतो आणि ठरवतो तो एका छोट्या बल्बच्या सांगण्यावरून. हा बल्ब इव्हॅपोरेटरच्या बाहेर सक्शन लाइनवर बांधलेला असतो. हा व्हॉल्व्ह काही कॅरिअरने शोधलेला नाही, पण प्रश्न त्याचाच आहे. मोजायचं कुठे?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या कॉम्प्युटर लॅबचा पॅकेज एसी नीट चालेना. कॉम्प्रेसरच्या अंगावर पाण्याचे थेंब आणि आतून विचित्र आवाज. पहिल्यांदा आलेल्या मेकॅनिकने गॅसचं कारण सांगितलं आणि गॅस भरून गेला. आठवड्यात पुन्हा तेच. नंतर एक वयस्कर मेकॅनिककाका आले. त्यांनी गेज लावायच्या आधी सक्शनच्या पाइपवरून नुसता हात फिरवला. बल्बची एक पट्टी तुटलेली, वरचं इन्सुलेशन गळून पडलेलं आणि बल्ब पाइपला जेमतेम चिकटून लोंबकळत होता. काकांनी पाइप पॉलिश पेपरने चकचकीत घासला, बल्ब नीट टेकवला, तांब्याच्या दोन पट्ट्या आवळल्या आणि वरून इन्सुलेशन गुंडाळलं. अर्ध्या तासाचं काम.

झालं काय होतं? सुटलेला बल्ब पाइपचं नव्हे, तर बाहेरच्या गरम हवेचं तापमान सांगत होता. व्हॉल्व्हला वाटलं इव्हॅपोरेटर उपाशी आहे, म्हणून तो आणखी उघडला. जास्तीचा रेफ्रिजरंट पूर्ण वाफ न होता द्रवरूपातच कॉम्प्रेसरकडे निघाला. द्रव काही दाबला जात नाही. त्यामुळे कॉम्प्रेसरच्या झडपा तुटू शकतात, आतलं तेल धुऊन जाऊ शकतं आणि हजारोंचा फटका बसू शकतो. व्हॉल्व्हची यात काहीच चूक नाही. त्याला जे सांगितलं गेलं ते त्याने मुकाट्याने ऐकलं.

काकांनी मग आम्हाला उभ्या उभ्या सगळे नियम सांगितले आणि प्रत्येक नियमामागे कारण होतं. बल्ब शक्यतो आडव्या पाइपवर, इव्हॅपोरेटरच्या तोंडाजवळ लावायचा. वळणावर, जोडावर किंवा तेल साठतं त्या खोलगट भागावर लावायचा नाही. पाइपच्या अगदी तळाला तर कधीच नाही, कारण तळाने तेल वाहतं आणि ते खरं तापमान कळू देत नाही. पाइप लहान असेल तर वरच्या बाजूला. सात अष्टमांश इंच किंवा त्याहून मोठा असेल तर घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी. बल्बची पूर्ण लांबी पाइपला टेकली पाहिजे. इक्वलायझरची बारीक नळी असेल तर ती बल्बच्या पुढे, म्हणजे कॉम्प्रेसरच्या बाजूला जोडायची. आता नव्या यंत्रांत बल्बच्या जागी थर्मिस्टर येतो आणि व्हॉल्व्ह इलेक्ट्रॉनिक असतो, पण स्वच्छ पाइप, घट्ट पकड आणि इन्सुलेशन हे तिन्ही नियम जसेच्या तसे राहतात.

हॉस्टेलमध्ये रजेसाठी थर्मामीटर गरम चहात बुडवणारे महाभाग आपण पाहिलेत. आकडा खरा, ताप मात्र खोटा! सुटलेला बल्ब अगदी हेच करतो. फरक एवढाच, की रेक्टरसर चलाख असतात आणि व्हॉल्व्ह बिचारा भोळा.

नोकरी गेली, कंपनी झाली

पुन्हा कॅरिअरकडे येऊ. सगळं सुरळीत चाललं होतं असं समजू नका. तरुणपणी त्याला मिसूरीतल्या क्रिस्टल सिटी इथल्या एका काच कारखान्यात गॅस स्वच्छ करायचं यंत्र बसवायला पाठवलं होतं. यंत्र चाललं, पण कंपनीने दिलेल्या गॅरंटीएवढं नाही. कॅरिअरची झोप उडाली, पोट बिघडलं. शेवटी त्याने आईची सफरचंदाची युक्ती वापरली असंच मला वाटतं. त्याने काळजीचे तुकडे केले. वाईटात वाईट काय होईल? कंपनीचे २०,००० डॉलर बुडतील. ते मनाने मान्य करून टाकलं. आणि मग शांत डोक्याने पुन्हा मोजमापं घ्यायला बसला. आणखी ५,००० डॉलरचं सामान घातलं तर अडचण सुटेल असं दिसलं. तसं केलं आणि २०,००० च्या तोट्याऐवजी १५,००० डॉलरचा फायदा झाला. डेल कार्नेजी यांनी काळजी सोडण्याविषयीच्या आपल्या १९४८ च्या पुस्तकात ही गोष्ट दिली आहे. ते पुस्तक आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एखाद्याच्या तरी उशीखाली सापडेल, पण त्यातला कॅरिअर तो हाच, हे किती जणांच्या लक्षात येत असेल?

१९१४ साली युरोपात महायुद्ध सुरू झालं. बफेलो फोर्जने फक्त उत्पादनावर लक्ष द्यायचं ठरवलं आणि एअर कंडिशनिंगच्या इंजिनिअरिंगचं काम बंद करायचं ठरलं. कॅरिअरला कंपनी ठेवून घेणार होती, पण त्याच्या बरोबरीच्या लोकांवर गदा येणार होती. तेव्हा त्याचा सहकारी अर्विन लाइल आणि आणखी पाच जण मिळून हे सात इंजिनिअर एकत्र आले. होती नव्हती ती सगळी पुंजी मिळून ३२,६०० डॉलर जमले आणि २६ जून १९१५ रोजी कॅरिअर इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन सुरू झालं. आजच्या भाषेत स्टार्टअप!

१९२२ साली कॅरिअरने सेंट्रिफ्युगल चिलर लोकांसमोर आणला. आधीची यंत्रं अवाढव्य, पिस्टनवाली आणि बहुतेक अमोनियावर चालणारी. अमोनिया विषारी, त्यामुळे तो गर्दीच्या जागी कोण लावणार? कॅरिअरने डायलीन नावाचा त्यामानाने सुरक्षित रेफ्रिजरंट वापरला. न्यूयॉर्कच्या सुरक्षा अधिकाऱ्याला हे पटेना. असं सांगतात की कॅरिअरने त्याच्याच ऑफिसात भांड्यात थोडं डायलीन ओतलं आणि त्यात पेटती काडी टाकली. साहेबांची घाबरगुंडी उडाली, पण डायलीन भडकलं नाही, सावकाश जळून गेलं. परवानगी मिळाली.

१९२५ च्या मे महिन्याच्या शेवटी न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरमध्ये हे यंत्र सुरू झालं. पॅरामाउंटचे अडॉल्फ झुकर स्वतः बाल्कनीत बसून बघत होते. यंत्र सुरू व्हायला उशीर झालेला, थिएटर गच्च भरलेलं आणि सवयीने प्रत्येकाच्या हातात पंखा. कॅरिअर मागे उभा राहून पडद्याऐवजी ते पंखे बघत होता. हळूहळू एकेक पंखा थांबू लागला. थोड्या वेळाने सगळेच थांबले. मला वाटतं, त्या रात्री तेच त्याचं सर्वांत खरं मोजमाप होतं. कुठलाही थर्मामीटर नाही, फक्त माणसांचे हात.

१९२९ च्या मंदीने त्याच्याही कंपनीला हादरा दिला, पण ती टिकली. १९३७ साली कारभार सिरॅक्यूज शहरात हलवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला विमानं उंचावरच्या गोठवणाऱ्या हवेत कशी वागतात ते जमिनीवरच तपासायचं होतं. क्लीव्हलंडमधल्या त्या प्रचंड विंड टनेलसाठी शीतकरणाची योजना कॅरिअरच्या लोकांनी आखली. छापखान्याच्या एका हॉलपासून निघालेला हिशेब आता शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास गेला होता.

७ ऑक्टोबर १९५० रोजी वयाच्या ७३ व्या वर्षी कॅरिअरचं न्यूयॉर्कमध्ये निधन झालं. दोन पत्नींचं निधन, मंदी, दोन महायुद्धं, एवढं सगळं त्याने पाहिलं होतं. घराघरात एसी पोचलेला मात्र तो पाहू शकला नाही. ती लाट त्याच्यानंतर आली.

जाता जाता

आज एसीवर टीकाही होते आणि ती खोटी नाही. विजेचं बिल वाढतं, काही जुन्या रेफ्रिजरंटांनी ओझोनचा थर विरळ केला, खोली गार करताना आपण रस्ता गरम करतो. पण म्हणूनच कॅरिअरचा धडा आज जास्त महाग झालाय. चुकीच्या जागी बांधलेला एक बल्ब महिनोन्महिने वीज खातो, कॉम्प्रेसर खातो आणि दोष मात्र गॅसवर जातो.

आपण इंजिनिअरिंगला येतो तेव्हा मोठमोठी यंत्रं डोळ्यांसमोर असतात. लॅबमध्ये मात्र आपण थर्मोकपल कुठे लावलाय हे न बघता थेट डिस्प्लेवरचा आकडा जर्नलमध्ये उतरवतो, कारण सबमिशन उद्या असतं. यापुढे आकडा लिहायच्या आधी एकदा वाकून बघा. पाइप स्वच्छ आहे का? पट्टी घट्ट आहे का? वरून झाकलंय का? आणि आपल्याला जे मोजायचंय ते खरोखर याच जागी सापडतं का? हा शेवटचा प्रश्न आठवड्याला दहा डॉलर मिळवणाऱ्या एका नवख्या इंजिनिअरने विचारला होता. तो विचारायला मोठी पदवी, मोठी कंपनी काही लागत नाही. लागतो तो फक्त थोडा वेळ, आणि पाइपवरून एकदा हात फिरवायची तयारी.